मूत्रपिंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया: मूत्रपिंडाचे काम टिकवण्यासाठी कोणत्या क्रमाने काय करावे

सोनोग्राफीच्या अहवालात मूत्रपिंडात गाठ असल्याचे वाचले की घरातील सर्वांच्या मनात एकच प्रश्न उरतो, तो म्हणजे ती लवकरात लवकर कशी काढता येईल. किती काढणार, किती राहणार आणि जे राहील ते पुढची वीस वर्षे पुरेल का, हे त्या घाईत कोणी विचारत नाही. मूत्रपिंडविकाराच्या बाह्यरुग्ण विभागात आम्हांला हे रुग्ण बहुधा उशिरा भेटतात. कर्करोग बरा झालेला असतो, पण पाय सुजलेले असतात, रक्तदाब चढलेला असतो आणि फाइल उलटून पाहिली तर शस्त्रक्रियेपूर्वीची लघवीतील प्रथिनांची तपासणी कोठेही सापडत नाही. ज्या चुका वारंवार होताना दिसतात त्यांतील बहुतेक ऑपरेशन टेबलावर होत नाहीत. त्या आधीच्या दोन आठवड्यांत आणि नंतरच्या तीन महिन्यांत होतात, आणि बऱ्याच टाळता येण्याजोग्या असतात. म्हणून खालील टप्पे त्याच क्रमाने पाळावेत.

हे मार्गदर्शन मूत्रपिंडापुरत्या मर्यादित असलेल्या, साधारणतः ७ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीसाठी आहे. गाठ मोठ्या शिरेत शिरली असेल, शरीरात इतरत्र पसरली असेल किंवा जोरदार रक्तस्राव सुरू असेल, तर निर्णयांचा क्रम वेगळा असतो. लहान गाठी बहुधा सावकाश, वर्षाला सरासरी काही मिलिमीटर, वाढतात. त्यामुळे तयारीसाठी दोन-तीन आठवडे घेतले तर सहसा काही बिघडत नाही.

टप्पा १: आजची मूळ पातळी लिहून ठेवा

पहिली चूक येथेच होते. प्रयोगशाळेच्या कागदावर क्रिएटिनिन १.१ लिहिलेले असते, शेजारी सामान्य मर्यादा छापलेली असते आणि आकडा तिच्या आत असल्यामुळे ‘किडनी नॉर्मल आहे’ असे सर्वजण गृहीत धरतात. क्रिएटिनिन हा मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ स्नायूंतून तयार होतो, त्यामुळे त्याचा अर्थ वय आणि लिंग पाहिल्याशिवाय लागत नाही. २०२१ च्या सुधारित सूत्राने हिशेब केला, तर १.१ क्रिएटिनिन असलेल्या ३० वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर, म्हणजे गाळण्याचा अंदाजी वेग, ९३ च्या आसपास येतो, त्याच १.१ वर ६८ वर्षांच्या स्त्रीचा ईजीएफआर जेमतेम ५५ भरतो. ६० च्या खालचा आकडा तीन महिन्यांहून अधिक काळ टिकला, तर त्याला दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. न्यूयॉर्कमध्ये झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४ सेंटिमीटरपर्यंतची गाठ, दोन्ही मूत्रपिंडे आणि ‘नॉर्मल’ क्रिएटिनिन असलेल्या ६६२ रुग्णांपैकी २६ टक्क्यांचा ईजीएफआर शस्त्रक्रियेपूर्वीच ६० च्या खाली होता.

या टप्प्यात पुढील तपासण्या करून घ्याव्यात:

१. क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर. अहवालात तो छापलेला नसेल, तर डॉक्टरांकडून काढून घेऊन फाइलच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहावा.
२. लघवीतील अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वरचा आकडा पुन्हा तपासून नक्की करावा, कारण ताप, जंतुसंसर्ग किंवा दगदग यांमुळेही तो तात्पुरता वाढतो.
३. लघवीची सूक्ष्मदर्शक तपासणी आणि संसर्गाची शंका असल्यास कल्चर.
४. मधुमेह असल्यास गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर, आणि सर्वांसाठी वेगवेगळ्या दिवशी बसून मोजलेला रक्तदाब.

जुने अहवाल घरातील पिशवीत पडून असतात, तेही शोधावेत. दोन वर्षांपूर्वी ईजीएफआर ७५ होता आणि आज ५५ आहे, ही माहिती एकट्या ५५ पेक्षा कितीतरी अधिक बोलते.

*पडताळणी: फाइलमध्ये ईजीएफआर आणि लघवीतील अल्ब्युमिन हे दोन्ही आकडे नसतील, तर शस्त्रक्रियेची तारीख ठरवू नये.*

टप्पा २: सीटी स्कॅन आधी नीट ठरवा, मग करा

शिरेतून रंगद्रव्य देऊन केलेला सीटी स्कॅन या आजारात जवळजवळ अटळ आहे, कारण गाठ किती खोल आहे, लघवी गोळा होणाऱ्या पोकळीपासून किती दूर आहे आणि मूत्रपिंडाला किती रोहिण्या येतात, हे त्यातूनच कळते. म्हणूनच तो एकदाच आणि व्यवस्थित व्हायला हवा. निरनिराळ्या डॉक्टरांकडे जाताना प्रत्येक ठिकाणी नवा स्कॅन करून घेणारे रुग्ण रंगद्रव्याचा भार दोन-तीनदा अंगावर घेतात. स्कॅन केंद्रातून केवळ लेखी अहवाल आणि फिल्म न घेता संपूर्ण चित्रांची सीडी मागून घ्यावी; शल्यचिकित्सकाला शस्त्रक्रियेची आखणी त्या चित्रांवरूनच करता येते.

क्रम असा ठेवावा: आधी ईजीएफआर, मग स्कॅनची तारीख. ईजीएफआर ३० च्या खाली असेल, तर सलाईन देऊन तयारी करावी की एमआरआयचा पर्याय निवडावा, हे मूत्रपिंडतज्ज्ञाला विचारावे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर ते केव्हा थांबवायचे आणि पुन्हा केव्हा सुरू करायचे, हेही ईजीएफआरवरूनच ठरते. स्कॅनच्या आदल्या आणि नंतरच्या दिवशी वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत.

अहवाल हातात आला की सर्वांची नजर गाठीच्या मापावर जाते. माझी विनंती आहे की, तितक्याच लक्षपूर्वक दुसऱ्या बाजूच्या मूत्रपिंडाबद्दलची ओळ वाचावी. ते लहान आहे का, त्यात मुतखडा आहे का, नळीला अडथळा येऊन ते फुगलेले आहे का? पुढची सारी मदार त्याच्यावर असते. तेथे थोडाही दोष दिसला किंवा ईजीएफआर ६० च्या खाली असला, तर डीटीपीए स्कॅन करून प्रत्येक मूत्रपिंड एकूण कामाचा किती टक्के वाटा उचलते, हे मोजून घ्यावे.

टप्पा ३: गाठ काढायलाच हवी का, हे विचारा

४ सेंटिमीटरपर्यंतच्या, कर्करोगासारख्या दिसणाऱ्या गाठींपैकी साधारण पाचांतील एक साधी, म्हणजे कर्करोग नसलेली, निघते. सरसकट सर्वांची बायोप्सी करण्याची गरज नसते. मात्र क्षयरोग, जुना पूयुक्त संसर्ग, लिम्फोमा किंवा दुसऱ्या अवयवातून आलेला कर्करोग यांची शंका असेल, अथवा शस्त्रक्रिया टाळण्याचा विचार असेल, तर बायोप्सीचा प्रश्न आधीच विचारावा. वृद्ध, अनेक आजार असलेल्या रुग्णाची २ सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ ठरावीक काळाने स्कॅन करत नुसती पाहत राहणे, ही मान्य पद्धत आहे. ३ सेंटिमीटरपर्यंतच्या काही गाठी सुईद्वारे गोठवून किंवा तापवून नष्ट करता येतात.

टप्पा ४: किती काढायचे, हे आकडे मांडून ठरवा

गाठ आणि तिच्याभोवतीची थोडी निरोगी कड एवढेच काढून बाकीचे मूत्रपिंड शिवून ठेवणे, याला रुग्णालयात ‘पार्शल’ म्हणतात. पूर्ण मूत्रपिंड काढण्याला ‘रॅडिकल’. ४ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीत पार्शल शक्य असेल तर तिलाच प्राधान्य द्यावे, अशी जगभरातील प्रमुख मार्गदर्शक तत्त्वांची शिफारस आहे. ‘पूर्णच काढून टाका, म्हणजे परत व्हायला नको’ हे नातेवाइकांचे वाक्य मी फार वेळा ऐकले आहे. ते मायेपोटी आलेले असते, पण या मापाच्या गाठीत योग्य रीतीने केलेल्या पार्शलने कर्करोगावर मिळणारे नियंत्रण रॅडिकलच्या तोडीचे असते.

टप्पा १ मधील त्याच ६८ वर्षांच्या स्त्रीचे उदाहरण कागदावर मांडू. ईजीएफआर ५५ आहे. उजव्या मूत्रपिंडात ३.८ सेंटिमीटरची गाठ आहे आणि डीटीपीएनुसार उजवे ४८ टक्के, तर डावे ५२ टक्के काम करते.

– पूर्ण उजवे काढले तर डाव्याचा वाटा ५५ च्या ५२ टक्के, म्हणजे २८.६ उरतो. उरलेले मूत्रपिंड पुढे साधारण चतुर्थांशाने अधिक काम उचलते, म्हणून २८.६ गुणिले १.२५, म्हणजे सुमारे ३६.
– पार्शल केली तर उजव्याच्या २६.४ पैकी साधारण ८० टक्के, म्हणजे २१ टिकतात. डाव्याचे २८.६ मिळवून बेरीज सुमारे ५० होते.

हा अंदाज आहे. प्रत्यक्षातील आकडा थोडा मागेपुढे होईल. परंतु ४५ च्या खाली गेलेल्या रुग्णाची मूत्रपिंडे पुढे खालावण्याची भीती वाढते, आणि या स्त्रीच्या बाबतीत ती सीमा ३६ आणि ५० यांच्या नेमकी मध्ये आहे. त्यात तिला मधुमेह असेल, तर पार्शलसाठी अनुभवी शल्यचिकित्सक शोधण्यात गेलेला आठवडा वाया गेला असे मी कधीच म्हणणार नाही.

पुढील रुग्णांत पार्शलचा आग्रह धरावा: जन्मतः किंवा आधीच्या शस्त्रक्रियेमुळे एकच मूत्रपिंड असलेले, दोन्ही बाजूंना गाठी असलेले, घराण्यात हा कर्करोग असलेले, तसेच ईजीएफआर ६० च्या खाली असलेले किंवा लघवीतून प्रथिने जाणारे. याची दुसरी बाजूही सांगणे माझे कर्तव्य आहे. ५ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींवर युरोपात झालेल्या मोठ्या यादृच्छिक चाचणीत पार्शलने मूत्रपिंडाचे काम अधिक टिकले, पण तेवढ्याने आयुर्मान वाढल्याचे दिसले नाही. शिवाय रक्तस्राव आणि लघवी झिरपणे या गुंतागुंती पार्शलमध्ये अधिक असतात. गाठ खोल आणि अवघड जागी असेल, दुसरे मूत्रपिंड निरोगी असेल, आधीचा मूत्रपिंडविकार किंवा प्रथिने नसतील आणि नंतरचा अंदाजी ईजीएफआर ४५ च्या वर राहणार असेल, तर रॅडिकल हा समंजस निर्णय ठरू शकतो.

शल्यचिकित्सकाला विचारायचे प्रश्न लिहून न्यावेत. गाठीचा अवघडपणा ४ ते १२ या मोजपट्टीवर किती येतो? ७ ते ९ मध्यम आणि १० पासून पुढे अवघड मानतात. आपण अशा पार्शल नियमित करता का? शस्त्रक्रिया सुरू असताना पार्शलचे रॅडिकल करावे लागण्याची शक्यता किती, आणि ते कोणत्या कारणाने? उत्तर पटले नाही, तर मोठ्या कर्करोग केंद्रात दुसरे मत घ्यावे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणी जाताना सीडी आणि टप्पा १ चे कागद सोबत असले, तर एक फेरी वाचते. शासकीय योजनेतून उपचार घ्यायचे असतील, तर रुग्णालयातील आरोग्यमित्राला ‘किडनीचे ऑपरेशन’ एवढेच न सांगता पार्शल की रॅडिकल, हे आधीच स्पष्ट सांगावे.

*सावधान: ‘रोबोटने केली म्हणजे किडनी वाचते’ असे नसते. रोबोटने खोलवरची शिवण सोपी होते, पण अवघड गाठीत अनुभवी हातांनी केलेली खुली शस्त्रक्रिया अननुभवी हातांतील रोबोटपेक्षा अधिक सुरक्षित असते.*

टप्पा ५: औषधांची यादी आणि शेवटचे दहा दिवस

घरातील सर्व गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून भूलतज्ज्ञाला दाखवाव्यात. ‘बीपीची पांढरी गोळी’ या वर्णनावरून कोणालाच निर्णय घेता येत नाही. खालील औषधांवर विशेष लक्ष द्यावे, पण एकही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये.

१. वेदनाशामके: डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड. गुडघेदुखीसाठी चिठ्ठीशिवाय घेतलेल्या या गोळ्या ‘औषध’ म्हणून कोणी मोजतच नाही, म्हणून त्यांच्याबद्दल मुद्दाम विचारावे. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालेल का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.
२. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन: मधुमेहाची ही औषधे सामान्यतः शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी थांबवतात, कारण उपाशी अवस्थेत साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचू शकते.
३. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल यांसारखी रक्तदाबाची औषधे: एरवी ही मूत्रपिंडाचे रक्षण करतात, पण भुलेखाली रक्तदाब घसरू नये म्हणून पुष्कळदा आदल्या दिवसापासून थांबवतात. ती पुन्हा केव्हा सुरू करायची, हे त्याच वेळी लिहून घ्यावे.
४. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि रक्त पातळ करणारी इतर औषधे: हृदयात स्टेंट असेल, तर हृदयरोगतज्ज्ञाच्या लेखी सल्ल्याशिवाय यांना हात लावू नये.
५. घटक माहीत नसलेली भस्मे, काढे, ‘किडनी साफ करणारी’ चूर्णे: ती बंद करावीत आणि घेत होतो हे न लपवता सांगावे.

लघवीत संसर्ग असेल तर त्याचा उपचार पूर्ण करूनच शस्त्रक्रियेला जावे. रंगद्रव्याचा स्कॅन आणि शस्त्रक्रिया एकापाठोपाठच्या दिवसांत ठेवू नयेत. मध्ये क्रिएटिनिन पुन्हा तपासावे. ‘उपाशी राहा’ याचा अर्थ आदल्या संध्याकाळपासून पाणीही वर्ज्य, असा अनेक घरांत घेतला जातो. कोरडे पडलेले शरीर मूत्रपिंडाला मानवत नाही. साधे पाणी किती वाजेपर्यंत चालेल, हे भूलतज्ज्ञाला विचारून तास लिहून घ्यावा. बहुतेकांना दोन तास आधीपर्यंत ते चालते.

टप्पा ६: ऑपरेशन थिएटरमध्ये काय घडते

येथे रुग्णाच्या हाती काही नसते, पण नंतर शस्त्रक्रियेची नोंद वाचता यावी म्हणून क्रम ठाऊक असावा. आधी मूत्रपिंड मोकळे केले जाते. थेट मूत्रपिंडावर सोनोग्राफीचे टोक ठेवून गाठीची कड आखली जाते. त्यानंतर मुख्य रोहिणीला क्लॅम्प लावून रक्तपुरवठा थांबवतात, गाठ कापतात, आतील रक्तवाहिन्या आणि लघवीची पोकळी शिवतात आणि क्लॅम्प काढतात.

त्या क्लॅम्पच्या मिनिटांत मूत्रपिंड रक्ताविना असते. मूत्रपिंड थंड केलेले नसेल, तर हा काळ २५ मिनिटांच्या आत ठेवण्याचा प्रयत्न असतो. अधिक वेळ लागणार हे आधीच दिसत असेल, विशेषतः एकच मूत्रपिंड असेल, तर खुल्या शस्त्रक्रियेत बर्फाचा चुरा भोवती भरून सुमारे दहा मिनिटे ते थंड होऊ देतात आणि मग कापायला सुरुवात करतात. गार मूत्रपिंड रक्ताविना बराच अधिक वेळ तग धरते.

मिनिटांवर सर्वांचे लक्ष असते. तरीही अंतिमतः किती काम टिकेल, हे सर्वाधिक ठरते ते किती निरोगी गर शाबूत राहिला यावर. कापताना रुंद कड सोडण्याचा मोह आणि शिवताना खोल, आवळून घेतलेले टाके या दोन्हींनी निरोगी गर जातो. क्लॅम्प अजिबात न लावण्याच्या पद्धतीचाही गवगवा होतो, पण दुसरे मूत्रपिंड चांगले असलेल्या रुग्णांत यादृच्छिक चाचणीत तिचा स्पष्ट फायदा दिसलेला नाही. पूर्वी सर्रास दिल्या जाणाऱ्या मॅनिटॉल या लघवी वाढवणाऱ्या औषधाचेही तसेच आहे.

*पडताळणी: शस्त्रक्रियेच्या नोंदीची प्रत मागावी आणि तीत क्लॅम्पची मिनिटे, थंड केले की नाही, व पोकळी उघडली गेली होती का, हे पाहावे.*

टप्पा ७: पहिले तीन दिवस

कॅथेटरच्या पिशवीतील लघवी दर तासाला मोजली जाते. वजनाच्या किलोंच्या निम्मे मिलिलिटर, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला तासाला ३० मिलिलिटर, ही किमान अपेक्षा असते. सलग काही तास त्याहून कमी भरत असेल, तर परिचारिकेला लगेच सांगावे. क्रिएटिनिन सुरुवातीला थोडे वाढणे अपेक्षित असते. पहिल्या दोन दिवसांत ०.३ किंवा अधिक वाढले, तर त्याचे कारण शोधायला हवे. रक्तदाब कमी आहे का, रक्तस्राव आहे का, की एखादे औषध बाधते आहे?

येथील सर्वांत सामान्य चूक दुखण्याच्या इंजेक्शनची असते. थिएटरमध्ये काटेकोरपणे जपलेल्या मूत्रपिंडाला वॉर्डात सवयीने डायक्लोफिनॅक दिले जाते. फाइलच्या मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत ‘डायक्लोफिनॅक व तत्सम वेदनाशामके देऊ नयेत’ असे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. पाठीतून दिलेली भूल, पॅरासिटामॉल आणि इतर पर्याय उपलब्ध असतात.

ड्रेनच्या नळीतून पाण्यासारखा द्रव बराच येत राहिला, तर त्यातील क्रिएटिनिन तपासतात. ते रक्तापेक्षा खूप अधिक असेल, तर लघवी झिरपते आहे असे समजावे. बहुतेकदा डीजे स्टेंट (मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंतची बारीक नळी) घालून किंवा नुसती वाट पाहून हे बंद होते.

टप्पा ८: घरी गेल्यावरचे तीन आठवडे

डिस्चार्जच्या वेळी थांबवलेल्या प्रत्येक औषधापुढे ‘पुन्हा सुरू करण्याची तारीख’ लिहून घ्यावी. टेल्मिसार्टन ‘ऑपरेशनच्या वेळी बंद केले’ ते सहा महिने बंदच राहिले, असे रुग्ण मी पाहिले आहेत.

*सावधान: पहिल्या तीन-चार आठवड्यांत लघवीतून अचानक लाल रक्त वा गुठळ्या आल्या, कुशीत जोराची कळ आली किंवा चक्कर आली, तर रात्र न काढता शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयात जावे. कापलेल्या जागेतील एखाद्या लहान रोहिणीला फुगा येऊन तो फुटल्याने असे होऊ शकते. अँजिओग्राफी करून तेवढीच फांदी बंद करता येते आणि मूत्रपिंड वाचते. म्हणून ही सोय जवळ कोठे आहे, हे आधीच माहीत करून ठेवावे.*

बायोप्सीचा अंतिम अहवाल आला की लोक फक्त ‘कड मोकळी’, म्हणजे कापलेल्या कडेवर कर्करोग नाही, हे शब्द शोधतात. त्याच तुकड्यात गाठीबाहेरचा निरोगी वाटणारा गरही असतो. मधुमेह किंवा रक्तदाब यांनी मूत्रपिंड आतून खराब होत असल्याची खूण त्यात दिसू शकते. त्या गराबद्दल अहवालात काही लिहिले नसेल, तर पॅथॉलॉजिस्टला विचारावे. ही माहिती सुई न टोचता आयती मिळालेली असते.

टप्पा ९: तीन महिन्यांचा नवा आकडा

तीन महिन्यांनी ईजीएफआर, लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तदाब पुन्हा मोजावेत. हा आकडा म्हणजे रुग्णाची नवी मूळ पातळी. तो पहिल्या पानावर जुन्या आकड्याखाली लिहावा. ईजीएफआर ४५ च्या खाली असेल, लघवीतून प्रथिने जात असतील किंवा आधीपासून मूत्रपिंडविकारासह मधुमेह असेल, तर मूत्रपिंडतज्ज्ञाकडे नियमित जावे. इतरांनी कर्करोगाच्या तपासणीसोबत वर्षातून किमान एकदा हे आकडे पाहावेत.

खाण्यापिण्यात गोंधळ फार होतो. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चहाच्या चमच्यापेक्षा, अधिक मीठ नको, आणि त्यात लोणचे, पापड, चटणीतील मीठही धरावे. किडनी ‘धुऊन निघावी’ म्हणून पाच-सहा लिटर पाणी पिण्याची गरज नसते. डाळ पूर्ण बंद करू नये. जखम भरेपर्यंत प्रथिने लागतात आणि पुढे किती घ्यायची हे ईजीएफआर पाहून ठरते. रक्तदाब बहुतेकांत १३० बाय ८० च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न असावा.

यापुढे गुडघ्यासाठी अस्थिरोगतज्ज्ञाकडे, दातासाठी दंतवैद्याकडे किंवा कोणत्याही सीटी स्कॅनला जाताना त्या पहिल्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्यावा आणि तपासायला बसण्याआधीच तो दाखवावा.